सोपाऱ्याचा शिलालेख आणि सातिवलीचा फलक

तरुण मंडळाच्या प्रदर्शनासाठी फलक कसा करावा, हा प्रश्न बहुतेक वेळा फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात उभ्या उभ्या सुटतो. मथळा मोठा हवा, मजकूर कमी हवा, चित्र एकच पण ठसठशीत हवं, फिक्या रंगावर गडद अक्षरं हवीत. तीन मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर लागते. देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर थोडं सढळ ठेवावं लागतं. हे सगळं बरोबर आहे आणि शिकायला एक दुपार पुरते. पण या नियमांच्या आधी आणखी एक प्रश्न उभा असतो. पुस्तक माणूस स्वतः उघडतो, कीर्तनाला तो आपण होऊन जाऊन बसतो. फलक मात्र त्याच्या वाटेत उभा राहतो आणि त्याचं लक्ष न विचारता घेतो. कामावर निघालेल्या माणसाकडून असं काही न विचारता घेतलं, तर त्याच्या बदल्यात आपण त्याचं काय देणं लागतो? हा प्रश्न मांडणीचा नाही, वाणीच्या धर्माचा आहे. माझं म्हणणं असं, की फलकाचा खरेपणा नुसत्या मजकुरावर ठरत नाही. तो मजकूर कुठे लावला आणि कुणासमोर लावला, त्यावर ठरतो. फलकाचा परिणामही शेवटी तिथूनच येतो.

या विचाराला पुरावा शोधायला सातिवलीच्या मंडळाला फार लांब जावं लागत नाही. सातिवली वसईच्या पूर्व भागात, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि भोवती औद्योगिक गाळे. पश्चिमेला रेल्वेचे रूळ ओलांडले की सोपारा. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच वर्षी त्यांनी बुरुडराजाच्या कोटातला स्तूप उकरला. पुढे १९५६ मध्ये एन. ए. गोरे यांना जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात या बंदरात जहाजं लागत, आणि अशा वर्दळीच्या जागी एका सत्ताधीशाने लोकांना कसं वागावं हे सांगणारा मजकूर ब्राह्मी लिपीत कोरून लावला होता. वसई-विरारमध्ये चारचौघांसाठी लावलेला याहून जुना नीतिविषयक मजकूर ज्ञात नाही. मंडळातल्या मुलांनी मांडणीचे नमुने मोबाइलवर जरूर शोधावेत, पण या कलेची सर्वांत जुनी शाळा त्यांच्या लोकलच्या पुढच्या स्टेशनाजवळ आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. फलक म्हणजे ग्रंथ नव्हे. सत्य नेहमी गुंतागुंतीचं असतं आणि फलकावर पंचवीस शब्द मावतात, मग फलक म्हणजे थोडंफार असत्य आलंच; त्याची नैतिक चिकित्सा कशाला? या आक्षेपाला अशोकाच्या चौदाव्या लेखात उत्तर आहे. तो लेख बाकीच्या लेखांविषयीच बोलतो. हे लेख कुठे थोडक्यात आहेत, कुठे मध्यम, कुठे सविस्तर. सगळं सगळीकडे योग्य ठरत नाही. काही गोष्टी गोड आहेत म्हणून पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत. आणि कुठे काही अपुरं राहिलं असेल तर ते त्या जागेमुळे, काही कारणामुळे किंवा लिपिकाराच्या चुकीमुळे, असा त्याचा आशय. म्हणजे फलक लावणाराच सांगतो की हा मजकूर छाटलेला आहे. हेच लेख ठिकठिकाणच्या खडकांवर कोरलेले आहेत, आणि नवव्या लेखाचा शेवट तर गिरनारला एक आणि काल्सीला दुसराच आहे. मजकूर छाटणं हा दोष नव्हे, छाटलं हे लपवणं हा दोष, इतका फरक या लेखातून हाती येतो. पण तेवढ्याने भागत नाही. काय छाटलं तर चालतं आणि काय छाटलं तर चालत नाही, हे ठरवायला कसोटी लागते.

कसोटी मला अशी दिसते: वगळलेली गोष्ट कळल्यावर बघणाऱ्याचा निष्कर्ष बदलणार असेल, तर ती वगळता येत नाही. जुलै २०१८ चा पूर घ्या. वसई तालुका पाण्यात होता, लोकल बंद पडल्या, अनेक भागांत वीज गेली. समजा, सातिवलीच्या एखाद्या मंडळाने त्यावर प्रदर्शन केलं आणि मुख्य फलकावर गटारात अडकलेल्या पिशवीचं चित्र टाकून लिहिलं, की पुराला प्लास्टिक जबाबदार. चित्र खरं असेल, पिशवीही खरी असेल. पण सखल जमिनीवर झालेला भराव, खाडीकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा, भरतीची वेळ आणि त्या दिवसांत कोसळलेला पाऊस यांतलं काहीच त्यावर नसेल, तर बघणारा घरी जाऊन पिशवी बदलेल आणि भरावाबद्दल कधीच विचारणार नाही. त्याचा निष्कर्ष बदलणारी गोष्ट आपण खिशात ठेवली. याउलट पावसाचे मिलिमीटर दशांशापर्यंत दिले नाहीत, तर कुणाचं काही बिघडत नाही. पंचवीस शब्दांत चार कारणं बसतात. चारही कारणांना सारखा मोठा टाइप मिळणार नाही, एवढंच.

चित्रालाही हीच कसोटी लागते, आणि तिथे फसवणूक जास्त सहज होते. कचरा दुप्पट झाला हे दाखवायला मुलं कचऱ्याच्या डब्याचं चित्र दुप्पट उंच काढतात. उंची दुप्पट झाली की रुंदीही दुप्पट होते आणि डोळ्याला क्षेत्रफळ चौपट दिसतं. कुणी खोटं बोललं नाही, आणि तरी बघणाऱ्याच्या मनात खोटा आकडा जाऊन बसला. व्हिएन्नात १९२५ पासून सामाजिक-आर्थिक संग्रहालय चालवणाऱ्या ओटो नॉयराट यांनी यावर नियमच केला होता: संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चित्रं जास्त काढायची. कामगार वस्तीतल्या कमी शिकलेल्या माणसाला आकडेवारी मोजून बघता यावी, हा त्यामागचा हेतू. नॉयराट हे तर्काधिष्ठित अनुभववादी तत्त्वज्ञांच्या व्हिएन्ना मंडळातले. जे विधान तपासता येत नाही त्यावर या मंडळाचा विश्वास नव्हता. तोच हट्ट त्यांनी भिंतीवरच्या चित्रांत आणला, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या परंपरेने वाणीवर विचार केला तो बहुतांशी समोरासमोरच्या बोलण्याचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे: बोलणं सत्य, प्रिय आणि हितकर असावं आणि त्याने समोरच्याला उद्वेग होऊ नये. पाली त्रिपिटकातल्या अभयराजकुमार सुत्तात बुद्ध थोडं वेगळं सांगतात: जे खरं आणि हिताचं आहे ते ऐकणाऱ्याला अप्रिय असलं तरी बोलावं, पण योग्य वेळ पाहून. या दुसऱ्या उत्तराने फलक करणाऱ्याची खरी अडचण होते, कारण फलकाला वेळ पाहता येत नाही. तो सकाळी शाळेच्या मुलांना जे सांगतो तेच रात्रपाळी संपवून परतणाऱ्याला सांगतो, आणि कालच घरात मृत्यू झालेल्यालाही तेच. समोरच्याचा चेहरा बघून थांबणं त्याला जमत नाही. वेळेचा विवेक नाही, म्हणून जागेचा विवेक दुप्पट करावा लागतो. जागा म्हणजे कुठली भिंत एवढंच नव्हे. त्या भिंतीसमोर उभा राहणारा माणूस या मजकुराशी कशाने बांधलेला आहे, हेही त्यात आलं.

आणि इथे अशोकाची सर्वांत अवघड बाजू पुढे येते. तेराव्या लेखात त्याने कलिंगयुद्धाबद्दल स्वतःचा पश्चात्ताप कोरला. दीड लाख माणसं तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट पुढे मेली, असे आकडे त्याने स्वतःच्या विरोधात दिले. सत्ताधीशाने स्वतःच्या गुन्ह्याचा आकडा दगडावर कोरावा, याला जगात फारशी जोड नाही. हा लेख गिरनारला आहे, काल्सीला आहे, वायव्येकडे शाहबाजगढीला आहे. नाही तो कलिंगात. ओडिशातल्या धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी अकरा ते तेरा हे लेख गाळले आणि त्यांच्याऐवजी दोन वेगळे लेख कोरले. ज्यांची माणसं मारली त्यांच्यासमोरच कबुली नाही. इतिहासकार याचं व्यवहारी कारण देतात, की नुकत्याच जिंकलेल्या प्रदेशात राजाचा अपराधभाव आणि मृतांची संख्या चव्हाट्यावर मांडणं राज्यकारभाराला परवडणारं नव्हतं. कारण समजतं. पण आपल्या कसोटीला हा मजकूर उतरत नाही. गिरनारच्या माणसाला ती कबुली म्हणजे एका राजाच्या उदात्ततेची गोष्ट होती. कलिंगातल्या तोसलीच्या माणसाला ती न्यायाची गोष्ट ठरली असती. तेच शब्द एका खडकावर थोर आणि दुसऱ्या खडकावर आवश्यक, आणि जिथे आवश्यक तिथेच ते नाहीत.

तरुण मंडळाच्या फलकावर हाच प्रसंग लहान प्रमाणात दर वर्षी घडू शकतो. मंडळ चालतं वर्गणीवर. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी मोठी वर्गणी कुठून येणार, हे वेगळं सांगायला नको. प्रकल्पाचा विषय ‘आपला नाला, आपलं पाणी’ असा घेतला, आणि नाल्यात काय काय जातं याची मुलांनी प्रामाणिक पाहणी केली, असं समजा. पाहणीत घरगुती कचऱ्याबरोबर एखाद्या गाळ्यातून येणारं रंगीत पाणीही दिसलं. फलक छापून येतो तेव्हा त्यावर नागरिकांना नम्र विनंती असते, की नाल्यात कचरा टाकू नये. आणि खाली सौजन्य म्हणून एक नाव. हाच फलक नाशिकच्या एखाद्या शाळेत लागला असता तर निरुपद्रवी ठरला असता. सातिवलीत, त्या नाल्याच्या काठी, तो असत्य बोलतो, जरी त्यातला प्रत्येक शब्द खरा असला तरी.

यावर मंडळाचा कार्यकर्ता जे म्हणेल ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वर्गणी गेली तर प्रदर्शनच होणार नाही. पोरांनी पाहणी करायची, की मालकांशी वैर घ्यायचं. आणि पुराव्याशिवाय कुणाचं नाव लिहिलं तर उद्या नोटीस कोण घेणार? यातला शेवटचा मुद्दा तर पूर्ण बरोबर आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या रंगीत पाण्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. त्याला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. पण गप्प राहणं आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारणं यांत अंतर आहे. सिद्ध करता येत नाही ते लिहू नये. मग सगळा दोष चाळीतल्या बाईच्या केराच्या टोपलीवर ढकलूही नये. गप्प राहणाऱ्याची भीती समजून घेता येते. भीतीपोटी दुर्बळाकडे बोट दाखवलं की तिथे असत्य सुरू होतं, आणि आपले बहुसंख्य ‘जनजागृती’ फलक नेमके हेच करतात: ज्याच्या हातात सर्वांत कमी आहे त्याला सर्वांत जास्त उपदेश.

अशोकाला इथे पूर्ण दोषी धरता येत नाही, हेही सांगायला हवं. कलिंगातल्या त्या दोन वेगळ्या लेखांत त्याने तिथल्या लोकांना उपदेश केला नाही. पहिला लेख सरळ तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे: विनाकारण कुणाला कैदेत टाकू नका, छळू नका, मत्सर, राग, क्रौर्य, घाई, आळस यांपासून दूर राहा, दर पाच वर्षांनी तपासणीला माणूस येईल. हा लेख तिष्य म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, मधल्या काळातही वाचावा, ऐकणारा एकटाच असला तरी वाचावा, अशीही सूचना त्यात आहे. अधिकाऱ्याला दिलेली ताकीद प्रजेच्या कानावर पडेल अशी लावणं, ही फलककलेतली फार पुढची उडी आहे. कबुली दिली नाही, पण उत्तरदायी कोण हे चारचौघांत जाहीर केलं. सातिवलीच्या मंडळाला नाव घ्यायचं नसेल तर इतकं तरी करता येतं. नाल्याची पाहणी कुठल्या महिन्यात केली, काय दिसलं, नालेसफाई वसई-विरार शहर महानगरपालिकेकडे येते आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची असते, एवढं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि कुणावर आरोपही होत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: एवढा संयम पाळला तर फलक मिळमिळीत होईल, भीती घातल्याशिवाय माणूस हलत नाही. तंबाखूच्या पाकिटांवरची चित्रं पाहा. एप्रिल २०१६ पासून ती पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असतात, आणि ती बघवत नाहीत. मला ती चित्रं अयोग्य वाटत नाहीत. ती भीती त्या पाकिटातल्या वस्तूच्या धोक्याएवढीच आहे, आणि ती नेमकी विकत घेणाऱ्याच्या हातात पडते. जागेचा विवेक यापेक्षा काटेकोर होऊ शकत नाही. तेच चित्र बालवाडीच्या फाटकावर लावलं तर मात्र तो अत्याचार होईल. म्हणून भीती वापरावी की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. भीती धोक्याच्या मापाची आहे का आणि ती घेणारा काही करू शकतो का, हे विचारावं. जो काहीच करू शकत नाही त्याला घाबरवणं म्हणजे नुसता त्रास देणं.

भुईगावला सापडलेला नववा लेख या बाबतीत एक शिकवण देतो आणि एक चूकही दाखवतो. लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, अशी त्याची सुरुवात. विधी करू नका असं तो म्हणत नाही. करावेत, पण त्यांचं फळ थोडं, आणि सेवक-दासांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्रांबाबत संयम, दान, हे मंगल जास्त फळ देतं, असं म्हणतो. बघणारा जिथे उभा आहे तिथून सुरुवात करून त्याला एक पाऊल पुढे नेणं, ही रीत कुठल्याही चांगल्या फलकाची. पण त्याच लेखात स्त्रिया पुष्कळ क्षुद्र आणि निरर्थक विधी करतात, असा टोला आहे. जिच्याकडून ऐकून घ्यायचं तिलाच आधी हिणवलं. या पालघर जिल्ह्यात तो टोला जास्तच बोचतो, कारण इथल्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघट देवी येते, आणि त्या चित्राशिवाय लग्न लागत नाही. तो मंगलविधी क्षुद्र मानावा, असं त्याच्यासमोर उभं राहून कुणाला वाटणार नाही. जाता जाता: त्या चौकातल्या आकृत्या हल्ली प्रत्येक सरकारी आणि मंडळाच्या फलकाच्या कडेला नक्षी म्हणून नाचताना दिसतात, विषय डेंग्यूचा असो की मतदानाचा. जे चित्र एका भिंतीसाठी, एका लग्नासाठी, देवीला बोलावण्यासाठी काढलं जातं, ते ‘स्थानिक स्पर्श’ म्हणून चिकटवायचं, हाही जागेचा अविवेकच.

राहिला भाषेचा आणि वाचणाऱ्याचा प्रश्न. अशोकाच्या काळात वाचता येणारे थोडे, म्हणून लेख वाचून दाखवले जात. सोपाऱ्याच्या आठव्या लेखाचा विषयसुद्धा राजाने शिकार-सहली सोडून गावोगावच्या माणसांना भेटणं, धर्माविषयी सांगणं आणि प्रश्नोत्तरं करणं हाच आहे. म्हणजे खडक हा संवादाचा शेवट नव्हता. कंदाहारला तोच राजा ग्रीक आणि अरामी भाषेत बोलला, कारण तिथले लोक त्या भाषा बोलत. सातिवलीच्या गाळ्यांत काम करणारे अनेकजण उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले. मराठी फलक असावाच, हे मंडळाचं गाव आहे. पण त्या सांडपाण्यात रोज ज्यांचे पाय बुडतात त्यांना कळेल अशा दोन हिंदी ओळी नसतील, तर फलक परीक्षकांसाठी लावला आहे हे उघड होतं. फलकाशेजारी पाहणी केलेली मुलगी किंवा मुलगा उभा हवा, आणि ‘माहीत नाही’ असं उत्तर द्यायची त्याला मोकळीक हवी. मग फलकावर सगळं मावत नाही ही तक्रार आपोआप कमी होते.

प्रत्यक्षात हे बसवायला फलकाच्या तळाशी एक पट्टी पुरते: पाहणी कुणी केली, कधी केली, काय तपासता आलं नाही, आणि जबाबदारी कोणत्या कार्यालयाची. पट्टी तीन मीटरवरून वाचता आली नाही तरी चालेल. जवळ येणाऱ्यासाठी ती आहे. आता सगळीकडे या जागी मान्यवरांचे आणि शुभेच्छुकांचे चेहरे असतात, कधी कधी वीस-वीस, प्रत्येकाचे हात जोडलेले. पट्टीला जागा उरत नाही अशी अडचण मंडळं सांगतील. अशा वेळी नालेसफाईच्या कार्यालयाचं नाव ठेवावं आणि चेहरे कमी करावेत. वर्गणीची पावती ज्याला त्याला वेगळी देता येते.